अंदाजाची खूण : नवख्यासाठी बिल्ड सिस्टिमचे पान कसे लिहावे

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीत पहिल्यांदा गेलो होतो, तेव्हा मोल्डिंगच्या वाळूत पाणी किती घालता, असे तिथल्या जुन्या मिस्त्रींना विचारले. उत्तर आले, “अंदाजानं.” मी वही-पेन घेऊन उभा. वहीत काय लिहिणार? माझी अडचण बघून त्यांनी वाळूची मूठ भरली, दाबली आणि हात उघडला. “हे बघा. बोटांचे ठसे उमटलं पाहिजेत. मधनं मोडली की कड साफ राहिली पाहिजे, भुगा नको. आणि वाळू टाकून दिली की तळव्याला चिकटून राहायला नको.” चिकटली तर पाणी जास्त, मग ओतीवात ब्लो होल येणार. भुरभुरली तर पाणी कमी, मग साचा ढासळणार.

मोठ्या फाउंड्रीत हेच ओलाव्याचे प्रमाण सँड लॅबमध्ये यंत्रावर मोजतात. पण मिस्त्रींची ती चार वाक्ये मला आजवर वाचलेल्या कितीतरी मॅन्युअलांपेक्षा सरस वाटतात. काय करायचे, काय दिसले पाहिजे आणि नाही दिसले तर काय बिघडले, हे तिन्ही त्यांत आहे. ‘अंदाज’ म्हणजे जाणकाराच्या हाताला कळलेली पण तोंडाने न सांगितलेली खूण. मॅन्युअल लिहिणाऱ्याने ती मूठ उघडायला लावायची असते.

एम्बेडेड लिनक्सवर काम करणारी बरीच मंडळी आता कोल्हापूर-सांगली भागातही आहेत. शिकाऊ पोरे त्यांच्याकडे येतात, तीच ती गोष्ट दहादा विचारतात, आणि कधीतरी ‘एकदा हे लिहूनच काढू’ असे वाटते. हा लेख त्या वेळी हाताशी असावा म्हणून.

बिल्ड सिस्टिम म्हणजे काय, थोडक्यात

भट्टीचे तापमान दाखवणारे पॅनेल घ्या किंवा नाक्यावरचे तिकीट देणारे यंत्र घ्या. अशा उपकरणाच्या पोटात अनेकदा एक छोटा बोर्ड आणि त्यावर लिनक्स असते. हे लिनक्स लॅपटॉपवरच्या उबुंटूसारखे भरगच्च नसते, लागेल तेवढेच त्यात घातलेले असते. बूटलोडर, कर्नल, लायब्ररी आणि आपला प्रोग्रॅम हे सगळे मूळ कोडपासून बांधायचे, त्याची एक इमेज करायची आणि ती एसडी कार्डावर उतरवायची. एवढी हमाली जी करते ती बिल्ड सिस्टिम.

कोल्हापूरकराला क्रॉस-कंपायलिंग समजावणे सोपे आहे. कास्टिंग इथे ओतले जाते आणि बसते दुसऱ्याच गावच्या इंजिनात. आपल्या भट्टीला ते इंजिन माहीत नसते, ड्रॉइंग माहीत असते. तसेच इथे. प्रोग्रॅम बांधला जातो इंटेलच्या लॅपटॉपवर, चालतो एआरएमच्या बोर्डावर. बांधणारा तो ‘होस्ट’, चालवणारा तो ‘टार्गेट’. हा दाखला माझ्या पानावर पहिल्या दहा ओळींत आहे, कारण पुढचा निम्मा गोंधळ या दोन शब्दांचाच असतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात या कामासाठी दोन नावे प्रामुख्याने घेतली जातात. बिल्डरूट २००१ च्या सुमारास सुरू झाले. यूसीलिबसी नावाची छोटी सी-लायब्ररी तपासायला तिच्या विकसकांना काहीतरी हवे होते, त्यातून ते वाढले. २००९ पासून दर तीन महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. दुसरे योक्टो प्रोजेक्ट. ते लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीर केले, पण त्याचा पाया असलेले ओपनएम्बेडेड २००३ चे आहे. योक्टोच्या इंजिनाचे नाव बिटबेक, म्हणून त्याची सगळी भाषा भटारखान्याची. प्रत्येक पॅकेजची ‘रेसिपी’ असते, रेसिपींचे ‘लेयर’ असतात.

दोन्हींची अधिकृत मॅन्युअले उत्तम आहेत. फक्त ती काय शोधायचे हे ठाऊक असलेल्यासाठी लिहिलेली आहेत. रेल्वेचे वेळापत्रक कितीही अचूक असले तरी पहिल्यांदा मुंबईला निघालेल्याला कुणीतरी महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसवून द्यावे लागते. आपल्याला लिहायचे आहे ते हे बसवून देणारे पान.

वाचक एकच धरा

‘सर्वांसाठी’ लिहिलेले पान कुणाच्याच कामाचे नसते. लिहायला बसण्यापूर्वी एक माणूस डोळ्यासमोर आणा. माझा वाचक ठरलेला आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. विंडोजचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. सी भाषेत प्रोग्रॅम लिहिलेले आहेत, आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवलेला आहे, पण टर्मिनलची भीती आहे.

असा वाचक ठरला की अर्धे निर्णय आपोआप होतात. ‘डिरेक्टरी बदला’ म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागेल. पॉइंटर म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. डाउनलोड किती होणार, हे पहिल्याच ओळीत लिहावे लागेल, कारण ते त्याच्या रोजच्या डेटामधून जाणार आहे.

पानाच्या माथ्यावर एक छोटी चौकट द्या. आधी काय यायला हवे, कोणता संगणक लागेल, किती जागा मोकळी हवी, किती डाउनलोड होईल, किती वेळ लागेल, आणि शेवटी हाती काय पडेल. आकडे स्वतः मोजून लिहा, आणि कोणत्या लॅपटॉपवर मोजले तेही लिहा. ‘थोडा वेळ लागेल’ असे लिहिलेत की नवखा पाच मिनिटांनी खिडकी बंद करतो आणि आपलेच काहीतरी चुकले असे समजतो.

चार कामे एका पानावर कोंबू नका

दानिएले प्रोचिदा यांनी मांडलेली डायटॅक्सिस नावाची पद्धत दस्तऐवजांचे चार प्रकार करते. हाताला धरून शिकवणारा धडा, ठरावीक काम उरकून देणारी कृती, नेमकी माहिती सांगणारा संदर्भ आणि ‘असे का’ हे उलगडणारे विवेचन. चारही हवेत, पण चारही वेगळे हवेत.

नवख्यांसाठीची बहुतेक पाने याच ठिकाणी फसतात. दुसऱ्या पायरीवर ‘इथे ग्लिबसी, मसल किंवा यूसीलिबसी यांपैकी एक सी-लायब्ररी निवडा’ असे येते आणि त्याखाली तिन्हींचे गुणदोष सांगणारे चार परिच्छेद. माहिती खरी असते, चांगलीही असते. पण जो अजून एकदाही इमेज बांधू शकलेला नाही, त्याच्यापुढे तीन रस्त्यांचा तिठा कशाला उभा करायचा? धड्यात एकच रस्ता ठेवा. बाकीचे ‘हे का निवडले’ या वेगळ्या पानावर न्या आणि तिकडे बोट दाखवा.

पहिल्या धड्यात खरा बोर्डही नको. बोर्ड आला की केबल आली, सिरियल पोर्ट आला, चार्जरचा अँपिअर आला. इमेज चालली नाही तर दोष बिल्डचा की केबलचा, हे नवख्याला कळत नाही. क्यूएमू हे बोर्डाचे सोंग घेणारे सॉफ्टवेअर वापरा. बिल्डरूट आणि योक्टो या दोन्हींत त्याची तयार सोय आहे. लॅपटॉपच्या पडद्यावरच लिनक्स सुरू झाले की पोराला हुरूप येतो. मग दुसऱ्या धड्यात खुशाल रास्पबेरी पाय हातात द्या.

करा, बघा, अडलात तर

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक पायरी तीन भागांत लिहा. माझ्या बिल्डरूटच्या धड्यातली शेवटची पायरी अशी आहे. (लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. तुमच्या पानावर त्या मूळ लिपीतच हव्यात, कारण वाचक त्या कॉपी करून चिकटवणार.)

करा : ‘आउटपुट’ फोल्डरच्या आत ‘इमेजेस’ फोल्डर आहे. त्यातली ‘स्टार्ट-क्यूएमू’ ही स्क्रिप्ट चालवा.

बघा : काळ्या पडद्यावर कर्नलच्या ओळी भराभर वर सरकतील. त्या वाचायची गरज नाही. ओळी थांबल्या की ‘वेलकम टू बिल्डरूट’ असे दिसेल आणि त्याखाली ‘बिल्डरूट लॉगिन’ असे विचारून कर्सर थांबेल. ‘रूट’ टाइप करून एंटर दाबा. पासवर्ड विचारणार नाही. ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण आली की तुम्ही स्वतः बांधलेल्या लिनक्सच्या आत आहात. बाहेर पडायला ‘पॉवरऑफ’ लिहा.

अडलात तर : ‘अशी फाइल नाही’ असे आले तर मागच्या पायरीतला बिल्ड पुरा झालेला नाही. मागे जाऊन ‘मेक’ ही बांधणीची आज्ञा पुन्हा द्या. काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू होईल, पहिल्यापासून नाही.

यात ‘त्या वाचायची गरज नाही’ हे वाक्य मी नंतर घातले. एक मुलगी सरकणाऱ्या प्रत्येक ओळीकडे धास्तीने बघत होती. त्यांत कुठेतरी ‘फेल्ड’ हा शब्द चमकून गेला आणि तिने खिडकीच बंद केली. कर्नल सुरू होताना असे शब्द येतात आणि बहुतेक वेळा त्यांनी काही बिघडत नाही, हे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असते की लिहायचे सुचत नाही. कशाकडे दुर्लक्ष करायचे, हेसुद्धा सांगावे लागते.

तसेच मधल्या लांबलचक वाट बघण्याचे. ‘मेक’ दिल्यानंतर माझ्या जुन्या लॅपटॉपवर तास-दीड तास जातो. तेवढा वेळ नवख्याने काय बघायचे? बिल्डरूट प्रत्येक पॅकेजचे काम सुरू करताना तीन बाणांची खूण असलेली एक ठळक ओळ छापते. तीत पॅकेजचे नाव, आवृत्ती आणि चालू काम असते. उघडणे, मांडणी, बांधणी, बसवणे. पानावर लिहा : ‘अधूनमधून तीन बाणांची ओळ येते आहे तोवर सगळे ठीक आहे. बिल्डरूट कंपायलरही स्वतःच बांधत असेल तर जीसीसीच्या ओळीवर बराच वेळ थांबल्यासारखे वाटेल. चहा घेऊन या.’ हा चहा थट्टेचा नाही. वाट बघणे हीसुद्धा एक पायरी आहे आणि तिलाही खूण लागते.

धोक्याची सूचना मात्र नेहमी आज्ञेच्या आधी द्या. एसडी कार्डावर इमेज उतरवताना ‘डीडी’ आज्ञेत कार्डाऐवजी लॅपटॉपच्या डिस्कचे नाव पडले तर ती डिस्क पुसली जाते. पुष्कळ पानांवर आज्ञा आधी आणि ‘सावधान’ खाली असते. नवखा वरून खाली वाचतो आणि वाचता वाचता चालवतो. म्हणून आधी लिहा : कार्ड घालण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ चालवा, कार्ड घातल्यावर पुन्हा चालवा, जे नाव नव्याने आले तेच तुमचे कार्ड. ते कागदावर लिहून घ्या. मग आज्ञा.

‘आवश्यक तिथे’ म्हणजे ‘चवीनुसार मीठ’

माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होते : ‘आवश्यक तिथे सुडो वापरा.’ (सुडो म्हणजे आज्ञा ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने चालवणे.) ते वाचून एक मुलगा दुसऱ्या दिवशी आला. काहीच चालेना म्हणाला.

“काय काय केलंस?”

“सर, एकदा परवानगी नाही म्हणालं, मग सुडो लावलं.”

“कुठं कुठं?”

“सगळीकडंच की.”

त्याने अख्खा बिल्ड ‘रूट’ वापरकर्ता म्हणून चालवला होता. सगळ्या फाइली रूटच्या मालकीच्या झालेल्या. दुसऱ्या दिवशी साध्या खात्यातून आला तर प्रत्येक ठिकाणी अडवणूक. चूक त्याची नव्हती. ‘आवश्यक तिथे’ म्हणजे कुठे, हे मला ठाऊक होते, पानाला नव्हते. पाककृतीत ‘चवीनुसार मीठ’ हे ज्याची जीभ तयार आहे त्याच्यासाठी असते. पहिल्यांदा रस्सा करणाऱ्याला चमचाच सांगावा लागतो.

आता त्या जागी असे आहे : ‘सुडो फक्त पहिल्या पायरीत, उबुंटूवर पॅकेजे बसवताना. त्यानंतर कुठेही नाही.’ बिल्डरूटचे मॅन्युअलही साधा वापरकर्ता म्हणूनच काम करा असे सांगते, आणि बिटबेक तर रूट म्हणून चालायलाच नकार देते.

आपला मसुदा हातात घ्या आणि असे शब्द शोधा : योग्य, आवश्यक, नेहमीप्रमाणे, फक्त, सहज, वगैरे. जिथे ‘योग्य फोल्डरमध्ये जा’ आहे तिथे फोल्डरचे नाव लिहा. जिथे ‘फक्त हे करा’ आहे तिथला ‘फक्त’ काढून टाका. ज्याला ते जमले नाही त्याला तो शब्द टोमण्यासारखा लागतो.

चुकांचे पान आधी लिहा

धडा लिहून झाला की शेवटी ‘नेहमीच्या अडचणी’ जोडायची पद्धत आहे. मी उलटे सुचवीन. नवख्यांना आलेल्या चुकांची वही आधी ठेवा आणि धडा त्या वहीवरून लिहा. वहीत चुकीचा संदेश जसाच्या तसा उतरवा, कारण अडलेला माणूस शोधताना तोच मजकूर टाकणार आहे. आमच्या वहीतल्या पाच नोंदी :

विंडोजच्या आत डब्ल्यूएसएलमधले लिनक्स वापरणाऱ्यांना बिल्डरूट बांधणी सुरू करतानाच अडवते. तुमच्या ‘पाथ’मध्ये मोकळी जागा आहे, हे चालत नाही, असे म्हणते. पोरे आपल्या फोल्डरच्या नावातली जागा शोधत बसतात. खरे कारण असे की डब्ल्यूएसएल विंडोजचा पाथ लिनक्सच्या पाथला जोडते आणि त्यात ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हे दोन शब्दांचे नाव असते. ‘डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये विंडोजचा पाथ जोडू नको असे सांगून डब्ल्यूएसएल बंद करून पुन्हा सुरू केले की काम होते. आणखी एक : काम लिनक्सच्या होम फोल्डरात करा, विंडोजच्या सी ड्राइव्हवर नको. तिथे ते संथ चालते, आणि मोठी-छोटी अक्षरे वेगळी न मानल्यामुळे काही पॅकेजे फुटतात.

योक्टोत काल चाललेले आज चालत नाही. ‘बिटबेक : आज्ञा सापडली नाही.’ नवे टर्मिनल उघडले की दर वेळी सुरुवातीची तयारी करणारी स्क्रिप्ट ‘सोर्स’ करावी लागते, हे धड्यात एकदाच आलेले असते आणि विसरलेले असते. ‘दर वेळी’ हे शब्द ठळक करा.

कुठून तरी मिळालेला लेयर जोडला की योक्टो म्हणते, हा लेयर या आवृत्तीशी जुळत नाही. किर्कस्टोन, स्कार्थगॅप ही योक्टोच्या आवृत्त्यांची नावे आहेत, पहिली एप्रिल २०२२ ची, दुसरी एप्रिल २०२४ ची. सगळे लेयर एकाच नावाच्या शाखेवर हवेत, हे एक वाक्य कितीतरी जणांची संध्याकाळ वाचवते.

बिल्डरूटमध्ये मेनूतून एक पॅकेज काढले, पुन्हा ‘मेक’ दिले, तरी ते इमेजमध्ये आहेच. बिल्डरूट काढलेले पॅकेज आधीच्या मांडणीतून आपणहून उचकटून काढत नाही. ‘मेक क्लीन’ करून नव्याने बांधावे लागते.

आणि ‘टार्गेट’ नावाचा फोल्डर. नाव बघून पोरे तोच बोर्डावर कॉपी करतात. त्याच्या आत बिल्डरूटने एक फाइल मुद्दाम ठेवलेली आहे. तिचे नावच ‘ही तुमची रूट फाइल-सिस्टिम नाही’ अशा अर्थाचे आहे. मॅन्युअल कुणी वाचत नाही हे ओळखून सूचना थेट पाय अडखळेल अशा जागी ठेवायची, ही युक्ती शिकण्यासारखी आहे.

मराठी कुठे, इंग्रजी कुठे

मराठीत लिहायचे ठरवले की पहिला मोह शुद्धीकरणाचा होतो. कंपायलरला ‘संकलक’, कर्नलला ‘गाभा’. वाचक पडद्यावर ‘कर्नल’ बघतो आणि पानावर ‘गाभा’ वाचतो, म्हणजे त्याला दोन शब्द शिकावे लागतात आणि त्यांची जोडीही लक्षात ठेवावी लागते.

या बाबतीत मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचा धडा गिरवावा. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभ्या केलेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. शिक्षक नसतानाही विद्यार्थ्याने एका खिडकीत धडा आणि शेजारच्या खिडकीत सॉफ्टवेअर ठेवून बरोबरीने करत जायचे, अशी त्यांची रचना आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे आवाज आहेत. पण बदलतो तो आवाज. पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहते, कारण उद्या नोकरीत विद्यार्थ्यापुढे तोच पडदा येणार आहे.

लिखित पानालाही हेच लावा. जे पडद्यावर दिसते ते जसेच्या तसे ठेवा : आज्ञा, फाइलींची नावे, चुकांचे संदेश. त्यांच्याबद्दल जे बोलायचे ते आपल्या भाषेत बोला. ‘बूटलोडर’ तसाच राहू द्या, पण तो काय करतो हे ‘बोर्डाला वीज मिळाली की सगळ्यांत आधी उठतो आणि कर्नलला उठवतो’ असे सांगा. चुकीचा संदेश मूळ रूपात द्या आणि खाली एका ओळीत त्याचा मराठी अर्थ द्या.

वाक्ये हुकमी ठेवा. ‘सदर आज्ञेची अंमलबजावणी केली असता फोल्डर निर्माण केला जातो’ हे कार्यालयीन मराठी झाले. ‘ही आज्ञा द्या. नवा फोल्डर तयार होईल’ हे माणसाचे. शेजारी बसून शिकवताना जे तोंडातून निघते, ते लिहा.

हॉटस्पॉटवरच्या वाचकासाठी

परदेशात लिहिलेल्या पानांत सहसा न दिसणारी एक अडचण आपल्याकडे हमखास असते. नेट मध्येच जाते, नाहीतर दिवसाचा डेटा संपतो. बिल्डरूटमध्ये ‘मेक सोर्स’ दिले की लागणारी सगळी सामग्री आधी उतरवून ठेवली जाते. मग बांधणी नेटशिवाय होते. उतरवलेला फोल्डर एका जागी ठेवण्याची सोय दोन्ही सिस्टिममध्ये आहे. वर्गातल्या एकाने कॉलेजच्या वायफायवर सामग्री उतरवायची आणि बाकीच्यांनी पेनड्राइव्हवरून घ्यायची. आवृत्ती आणि मांडणी सगळ्यांची तीच असली की झाले. ही युक्ती ज्या पानावर आहे, ते इथल्या पोरांचे पान.

नवख्याशेजारी गप्प बसा

पान तयार झाले की ते स्वतः वाचून तपासू नका. आपल्या डोळ्यांना गाळलेली पायरी दिसत नाही, कारण ती डोक्यात भरलेली असते. स्पोकन ट्युटोरियलच्या कामात धड्याची संहिता विषयाच्या जाणकाराकडून तपासली जाते आणि एखाद्या नवख्याकडूनही करवून बघितली जाते. आपणही तसेच करावे.

एका मुलाला नवा लॅपटॉप आणि तुमचे पान द्या. शेजारी बसा, हात मांडीवर ठेवा आणि तोंड बंद. हे फार अवघड असते. तो चुकीच्या फोल्डरमध्ये जाताना दिसतो आणि जीभ शिवशिवते. पण तुम्ही एक शब्द बोललात की पान पास झाले आणि चूक तशीच राहिली. तो कुठे थांबला, कुठे दोनदा वाचले, कुठे दुसऱ्या खिडकीत जाऊन शोधू लागला, एवढेच टिपा. ‘समजलं का?’ असे विचारू नका. आपल्याकडे सरांना कुणी नाही म्हणत नाही. बघायचे असते ते त्याच्या हाताकडे.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलावर तपासू नका. तो आता नवखा राहिलेला नाही. दर वेळी नवा माणूस हवा, आणि तीन-चार जणांत ढोबळ चुका बहुतेक बाहेर येतात.

पान शिळे होते

सॉफ्टवेअर पुढे जाते, पान तिथेच राहते. योक्टोच्या झटपट मार्गदर्शकात मोकळ्या जागेचा आकडा एके काळी ५० जीबी होता, मग ९० झाला, पुढे १४० वर गेला. जुने पान बघून ६० जीबी मोकळी करणारा मध्यरात्री डिस्क भरल्याचा संदेश बघतो. म्हणून पानाच्या माथ्यावर आवृत्ती आणि तपासल्याची तारीख लिहा. ‘नवीनतम आवृत्ती घ्या’ असे कधीही लिहू नका, आकड्यासह नेमकी आवृत्ती लिहा. दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती निवडलीत तर पान जास्त टिकते. वर्षातून एकदा दिवाळीच्या सुट्टीत कोऱ्या लॅपटॉपवर पहिल्यापासून करून बघा आणि तारीख बदला.

लिहिता लिहिता अधिकृत मॅन्युअलमधलीही एखादी उणीव सापडेल. ती तिथेच दुरुस्त करायला पाठवा. बिल्डरूटचे मॅन्युअल अ‍ॅस्कीडॉकमध्ये लिहिलेले असून मूळ कोडच्याच साठ्यात आहे. योक्टोचे मॅन्युअल २०२० पासून स्फिंक्सवर आहे. दोन्हीकडे बदल छोटा ठेवा, तो का केला हे दोन वाक्यांत सांगा, आणि आपल्या सहीची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ जोडा. मोठे नाव असावे लागत नाही. उलट गाळलेली पायरी सगळ्यांत आधी नवख्यालाच दिसते. तेव्हा तुमच्या पानावरून पहिली इमेज बांधणाऱ्या पोराला सांगा की जिथे अडलास तिथे खूण कर आणि ती दुरुस्ती तूच पाठव.

सुडो सगळीकडे लावणारा तोच मुलगा गेल्या महिन्यात एका कनिष्ठाला शिकवत होता. कनिष्ठाने विचारले, किती वेळ थांबायचे? हा सवयीने “अंदाजानं” म्हणाला, मग थबकला. पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, “हे तीन बाण दिसतात का? हे येत आहेत तोवर थांब.”